नॉमिनी, वारस आणि मालक: कागदावरचे तीन शब्द, तीन वेगळी कामं

"ताई, घर आता भाऊजींचं झालं का हो?"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात मला थांबवून हे विचारलं, तेव्हा त्यांच्या यजमानांना जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मी तेव्हा सेक्रेटरी होते. यजमानांनी फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतला १९८८ साली, आणि त्याच वर्षी नॉमिनेशनचा फॉर्म भरला. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, वडील वारलेले होते, धाकटा भाऊ जवळ राहत होता, म्हणून भावाचं नाव लिहिलं. १९९१ मध्ये लग्न झालं, पुढे एक मुलगा, एक मुलगी. फॉर्म सोसायटीच्या कपाटात होता तसाच राहिला.

दीर सरळमार्गी माणूस. पण त्यांनाही मनापासून वाटत होतं की घर आता आपलं झालं, आणि वहिनीला तिथं राहू देणं हे आपलं कर्तव्य आहे. वहिनींना वाटत होतं की आपण आता दिराच्या घरात राहतो आहोत. कुणाच्या मनात पाप नव्हतं. दोघांनी फक्त एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला होता, आणि त्यापायी ती बाई रात्र रात्र झोपत नव्हती.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. एकाच वेळी चौघांना टक्केवारी ठरवून, किंवा एकापाठोपाठ एक असे. लॉकरसाठी मात्र एकापाठोपाठ एकच. ही बातमी आल्यापासून ओळखीपाळखीचे लोक मला म्हणतात, "बरं झालं, आता चौघांत पैसे वाटून टाकता येतील, मृत्युपत्राची कटकट नको." म्हणून हे सगळं नीट मांडावंसं वाटलं.

शब्द ओळखीचा, अर्थ कायद्याचा

आपण घरात "कुटुंब" म्हणतो, तेव्हा त्यात कोण येतं हे कुणी विचारत नाही. कायद्याला तसं चालत नाही. जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या सुरुवातीला व्याख्यांचं एक कलम असतं आणि या कायद्यापुरता अमुक शब्दाचा अर्थ अमुक, असं तिथं लिहिलेलं असतं. "या कायद्यापुरता" हे महत्त्वाचं. एकाच शब्दाचा अर्थ भाड्याच्या कायद्यात एक, प्रॉव्हिडंट फंडात दुसरा आणि वारसाहक्कात तिसरा असू शकतो. त्यामुळे माणूस एकच गेला, तरी त्याचं बँकखातं, फ्लॅट, पीएफ आणि चाळीतली जुनी खोली यांच्यामागे चार वेगळे कायदे उभे राहतात आणि चारही वेगवेगळी माणसं पुढे करू शकतात.

एखादा कायदेशीर शब्द समोर आला की मी त्याचा अर्थ विचारण्याआधी त्याचं काम विचारते. हा शब्द कुणाची कोणती अडचण सोडवायला आणला आहे?

नॉमिनीचं काम काय?

खातेदार गेला. बँकेकडे त्याचे पाच लाख पडून आहेत. दाराशी बायको आली, मुलगा आला, पुतण्या आला. खरा वारस कोण हे बँकेनं ठरवायचं म्हटलं तर बँकेचं कोर्टच होऊन बसेल. चुकीच्या माणसाला पैसे दिले तर दुसरा दावा लावणार. या अडचणीसाठी नॉमिनी आहे. बँकेनं नॉमिनीच्या हाती पैसे ठेवले की बँक मोकळी. पुढे कुणी बँकेला विचारू शकत नाही की त्याला का दिलेत. म्हणजे नॉमिनीची सोय आधी बँकेसाठी, सोसायटीसाठी आहे. पैसे लवकर हाती येतात, हा घरच्यांचा फायदा त्यानंतरचा.

भिशीचं उदाहरण घ्या. दर महिन्याला सगळ्या बायकांचे पैसे एका बाईकडे जमतात. पाकीट तिच्या कपाटात असतं, हिशोबाची वही तिच्याकडे असते, बाकीच्या जणी तिच्याच हातात पैसे देतात. म्हणून ते पैसे तिचे होत नाहीत. ज्या महिन्यात जिचा नंबर, तिचे ते. नॉमिनी म्हणजे भिशी सांभाळणारी बाई. पैसे घ्यायचा अधिकार तिचा, ठेवून घ्यायचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या पैशांबाबत हे १९८३ सालीच सांगितलं होतं, की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, पैसे वारसांचेच. बँकेच्या ठेवींबद्दल २०१० मध्ये पुन्हा तेच सांगितलं. तरीही आपल्याकडे "मी नॉमिनी आहे" हे वाक्य "माझं आहे" अशा सुरात म्हटलं जातं.

मग घर कुणाचं?

हे वारसाहक्काचा कायदा ठरवतो, आणि तो धर्मागणिक वेगळा आहे. वहिनींचं कुटुंब हिंदू, म्हणून १९५६ चा हिंदू वारसा कायदा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातले वारस आधी, आणि त्यांना समान वाटा. या पहिल्या वर्गात बायको, मुलगा, मुलगी आणि आई येतात. आई येते, वडील मात्र नाहीत. ते दुसऱ्या वर्गात. भाऊही दुसऱ्याच वर्गात. पहिल्या वर्गातलं एक जरी माणूस हयात असेल तरी दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही.

वहिनींच्या सासूबाई हयात होत्या. म्हणजे चार वाटे: वहिनी, मुलगा, मुलगी, सासूबाई. प्रत्येकी चौथा हिस्सा. फॉर्मवर ज्यांचं नाव, त्या दिरांचा हिस्सा शून्य.

हे ऐकून वहिनींचा जीव भांड्यात पडला, पण मला त्यांना पुढचंही सांगावं लागलं. उद्या सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या मुलांकडे जाणार. एक मुलगा म्हणजे दीर. दुसरा मुलगा आधीच गेलेला, म्हणून त्याचा वाटा त्याच्या दोन मुलांना. म्हणजे नॉमिनी म्हणून दिरांना काहीच नाही, पण आईचा वारस म्हणून घराचा आठवा भाग त्यांच्याकडे येऊ शकतो. माणूस तोच, घर तेच. कोणत्या वाटेनं आला त्यावर सगळं ठरतं.

हेच कुटुंब ख्रिश्चन असतं, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना, आणि मुलं असल्यामुळे सासूबाईंना काही नाही. मुस्लिम कुटुंबाची वाटणी आणखी वेगळी, आणि तिथं मृत्युपत्रानंही साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता देता येत नाही.

लग्न झालेल्या मुलीचं काय?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि बहुतेक वेळा हलक्या आवाजात. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मानं हक्क मिळाला, आणि या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. वडील २००५ च्या आधी गेले म्हणून मुलीला त्यांच्या कमाईच्या फ्लॅटमध्ये काही नाही, असं सांगणारे सभासद मी पाहिले आहेत. ते खरं नाही.

आणखी एक. भाऊ बहिणीकडून साध्या कागदावर "माझी हरकत नाही" अशी सही घेतो आणि काम झालं असं समजतो. ना हरकत पत्र म्हणजे हक्क सोडणं नव्हे. घरातला हिस्सा सोडायचा तर हक्कसोड पत्र करावं लागतं, म्हणजे वारसानं आपला वाटा दुसऱ्या वारसाच्या बाजूनं सोडल्याचा दस्त, आणि त्याची सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी व्हावी लागते. बहिणींनो, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. आणि भावांनो, त्या साध्या कागदाच्या भरवशावर घर विकायला निघू नका. खरेदीदाराची बँक पहिला प्रश्न त्याचाच विचारेल.

"पण शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलंय"

चढू द्या. शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद. २०१९ साली महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार सभासद गेल्यावर सोसायटी नॉमिनीला "तात्पुरता सभासद" करून घेते, आणि तेही खरे वारस सभासद होईपर्यंतच. सोसायटीला मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, नोटीस कुणाला पाठवायची, यासाठी एक नाव लागतं. ते हे नाव. कायद्यानं "तात्पुरता" हा शब्द घातला ते फार बरं केलं. पूर्वी हे न्यायालयांच्या निकालांमधून समजून घ्यावं लागे.

सोसायटीच्या वहीत सभासद कोण आणि घराचा मालक कोण, हे दोन प्रश्न आहेत. मालकी बघायची तर नोंदणी झालेला करार बघायचा, आणि मालक हयात नसेल तर वारसाहक्क. याच कारणानं बायकोला सोसायटीत "सहयोगी सभासद" करून घेतलं की ती अर्ध्या घराची मालक झाली, हाही गैरसमज आहे. करारात तिचं नाव असेल तर ती मालक. नुसती सहयोगी सभासद असेल तर तिला सोसायटीत काही अधिकार मिळतात, मालकी नाही.

नॉमिनीच नसेल तर? नवशक्तीच्या आतल्या पानांवर बारीक टायपात जाहीर नोटिसा येतात ना, अमुक सोसायटीचे अमुक सभासद निधन पावले, कुणाचा हक्क किंवा हरकत असेल तर कळवा, त्या त्यासाठीच. आणि वारस कोण याचा पुरावा म्हणून जे दाखले मागतात, त्यातही दोन वेगळे आहेत. सक्सेशन सर्टिफिकेट हे ठेवी, शेअर अशा येण्यांसाठी असतं, जागेसाठी नाही. वारस म्हणून ओळख पटवणारा दाखला न्यायालय देतं तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजही सोसायट्यांच्या फाइलमध्ये जिवंत आहे. चुकीच्या दाखल्यासाठी अर्ज करून महिने घालवलेली माणसं मला माहीत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

"सुप्रीम कोर्टानं तर नॉमिनीच्या बाजूनं निकाल दिला होता"

ही हरकत घेणारे लोक वाचन करणारे असतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सोसायटीनं शेअर नॉमिनीच्याच नावे करायला हवेत. वर्तमानपत्रांत "नॉमिनीच मालक" अशा अर्थाचे मथळे झळकले. पण त्याच निकालात न्यायालयानं इतर वारसांना मालकीसाठी दाद मागायची मोकळीक ठेवली होती. सोसायटीनं काय करायचं, एवढाच तो निकाल होता.

शेअर बाजारातल्या शेअरचा वाद जास्त गुंतागुंतीचा होता, आणि तो आपल्या मुंबईत लढला गेला. कंपनी कायद्यात नॉमिनीबद्दल दोन भारी शब्दप्रयोग आहेत. एक, "इतर कायद्यांत काहीही अंतर्भूत असले तरी", म्हणजे दुसरा कायदा काहीही म्हणो, हेच चालेल. दुसरा, शेअर नॉमिनीकडे "निहित होतील", म्हणजे त्याच्यात सामावतील. हे शब्द धरून मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० साली म्हटलं की शेअर नॉमिनीचेच. सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं तो अर्थ चुकीचा ठरवला, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खंडपीठाच्या बाजूनं कौल दिला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. कंपनी कायदा कशासाठी आहे? कंपन्या चालाव्यात, शेअरचे व्यवहार अडू नयेत यासाठी. कुणाच्या पश्चात कुणाला काय मिळावं, हे ठरवायला तो केलेलाच नाही. त्यामुळे त्यातले "काहीही अंतर्भूत असले तरी" हे शब्द त्याच्या कामापुरतेच धावतात. न्यायालयानं असंही म्हटलं की मालमत्ता वारशानं जायच्या वाटा दोन, मृत्युपत्र किंवा वारसा कायदा. नॉमिनेशन ही तिसरी वाट नाही. शब्द कितीही जोरकस असला तरी तो कोणत्या कायद्यात बसला आहे, यावर त्याची ताकद ठरते, हे मला या निकालात फार पटलं.

विमा आणि पीएफ यांचं तेवढं वेगळं

२०१५ मध्ये विमा कायद्यात बदल झाला. आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर विम्याचे पैसे त्यांच्या हिताचे, नुसते हातात घेण्यापुरते नाहीत, असं तिथं लिहिलं आहे. पण २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं म्हटलं की वारसांनी दावा केला तर वारसा कायदाच चालेल. म्हणजे इथेही वाद संपलेला नाही. विम्याच्या फॉर्मवर ज्याचं नाव आहे, त्यालाच पैसे द्यायचे असतील तर मृत्युपत्रातही तसं लिहिलेलं चांगलं.

पीएफच्या १९५२ च्या योजनेत "कुटुंब" म्हणजे कोण ते लिहिलेलं आहे. पुरुष सभासदाच्या बाबतीत बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, आणि गेलेल्या मुलाची बायको-मुलं. भाऊ त्यात नाही. लग्नाआधी भावाचं नाव दिलं असेल, तर लग्न होऊन कुटुंब झालं की ते नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. वहिनींच्या यजमानांनी पीएफलाही भावाचंच नाव दिलेलं होतं. तो फॉर्म १९९१ मध्ये लग्नाच्या दिवशी संपला. सोसायटीचा फॉर्म, त्याच हातानं भरलेला, तीस वर्षांनीही जिवंत होता.

चाळीतल्या खोलीला वारस नसतो का?

गिरणगावात, गिरगावात ज्यांची पागडीची खोली आहे त्यांनी हे नीट वाचावं. पागडीची खोली मालकीची नसते, ती भाडेकरूचा हक्क असते. आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात "भाडेकरू" या शब्दाची व्याख्याच अशी आहे की राहत्या जागेचा भाडेकरू गेला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला घरातला माणूस भाडेकरू होतो. असा कुणी नसेल, तरच वारस. कोण, यावर घरात एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं.

म्हणजे वडिलांच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बोरिवलीला नांदणाऱ्या मुलीचा समान वाटा, पण परळच्या खोलीत वडिलांसोबत राहणारा भाऊ पुढे. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये सांगितलं आहे. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं, आणि पुनर्विकासात त्या खोलीच्या जागी मालकीचा फ्लॅट मिळणार असतो तेव्हा ते वाटणं मला समजतं. पण या कायद्याचं काम डोक्यावरचं छप्पर राखणं हे होतं, मालमत्ता वाटणं नव्हे. खोलीत खरोखर कोण राहत होतं, हे तो म्हणूनच विचारतो. रेशनकार्ड, लाइटबिल, मतदारयादी या कागदांना चाळीत एवढी किंमत का, ते यावरून कळेल.

मग नॉमिनी लावूच नये?

जरूर लावावा, आणि लग्न, जन्म, मृत्यू झाला की बदलावा. नॉमिनी नसेल तर ज्या दिवसांत हॉस्पिटलचं बिल आणि दिवसकार्याचा खर्च समोर असतो, त्याच दिवसांत घरच्यांना दाखल्यांसाठी फिरावं लागतं. फक्त त्यावर थांबू नये. कुणाला काय मिळावं हे सांगायचं असेल तर मृत्युपत्र करावं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही बघून स्वतः सही करणारे दोन साक्षीदार, एवढं पुरतं. मुंबईतल्या मृत्युपत्रांना पूर्वी प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची न्यायालयाची मोहर, घ्यावीच लागे. ती सक्ती संसदेनं २०२५ च्या अखेरीस काढून टाकली.

तिसऱ्या मजल्यावरचं काय झालं, ते सांगते. कमिटीच्या खोलीत मी पाचही जणांना बसवलं. दिरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझं काम फक्त किल्ली नेऊन द्यायचं होतं." सासूबाईंनी आपला चौथा हिस्सा सुनेच्या नावे सोडायचं ठरवलं. मुलांनीही तेच केलं. मुलीनं सही करण्याआधी दस्त दोनदा वाचला, हे मला आवडलं. जवळच्या नात्यात पैसे न घेता हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न आला नाही. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र आलं तेव्हा शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला वहिनींचं नाव मीच लिहिलं.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या नॉमिनेशनचा फॉर्म मागितला. तीन प्रती भरल्या, दोन्ही मुलांची नावं घातली. मग पेन तसंच हातात ठेवून विचारलं, "ताई, मृत्युपत्राला कागद कसला लागतो म्हणालात?"

मी मिनिटबुकाच्या मागचं एक कोरं पान काढून दिलं आणि तळमजल्यावरच्या डॉक्टरांना साक्षीदार म्हणून वर बोलावलं.